प्रवाळभित्तीची बखर

राज्यें बुडालीं तर त्यांच्या बखरी मागें राहतात. पण समुद्राच्या तळाशीं एखादी वस्ती उजाड झाली, तर तिची नोंद ठेवणार कोण? ऑस्ट्रेलियाच्या ईशान्य किनाऱ्यालगत सुमारें २३०० किलोमीटर पसरलेल्या महाप्रवाळभित्तीच्या इतिहासांत हा प्रश्न निकडीचा ठरला.

१९६२ सालीं केर्न्स शहरासमोरील ग्रीन बेटाभोंवतीं काटेरी तारामाशांची धाड पडली. हा प्राणी त्या समुद्रांत परका नव्हे. लिनीयसनें १७५८ मध्येंच त्याच्या जातीला शास्त्रीय नांव दिलें होतें. आपलें जठर तोंडावाटें बाहेर काढून तो पोवळ्यावर पसरतो, जिवंत थर जागच्या जागीं पचवितो आणि पांढरा सांगाडा मागें ठेवून पुढें सरकतो. संख्येनें थोडा असला तर भरभर वाढणारीं पोवळीं खाऊन तो मंद वाढणाऱ्यांना जागा करून देतो. तोच झुंडींनीं आला म्हणजे भित्तीचें स्मशान होतें.

धाडीच्या कारणाविषयीं विद्वानांत मोठा वाद माजला. क्वीन्सलंड विद्यापीठाचे रॉबर्ट एंडीन यांनीं ट्रायटन नांवाच्या मोठ्या शंखाकडे बोट दाखविलें. त्या शंखांतील प्राणी तारामाशांना खातो; पण शोभेसाठीं माणसांनीं शंखच उपसून नेले, असें त्यांचें म्हणणें. असे चढउतार निसर्गांत पूर्वींहि झाले असतील, असा दुसरा पक्ष होता. पुढें नद्यांच्या पुरांतून येणाऱ्या खतांवरहि संशय आला. वाद मिटेना, कारण १९६२ पूर्वींची पद्धतशीर मोजदादच कोणाजवळ नव्हती.

१९७९, १९९३ आणि २०१० च्या सुमारास पुन्हा धाडी आल्या. तोंवर १९७२ मध्यें स्थापन झालेल्या ऑस्ट्रेलियन सागरविज्ञान संस्थेनें नियमित पाहणी सुरू केली होती. तिच्या नोंदींवरून २०१२ मध्यें असें दिसून आलें कीं, १९८५ पासून भित्तीवरील निम्मीं पोवळीं नाहींशीं झालीं, आणि त्या हानीपैकीं सुमारें ४२ टक्के या तारामाशांमुळें झाली.

एवढा विस्तार मूठभर शास्त्रज्ञांना पुरा पडणें अशक्य होतें. कूस्तो व गान्यां यांनीं १९४३ मध्यें सिद्ध केलेल्या श्वसनयंत्रामुळें सामान्य माणसालाहि समुद्रतळ खुला झाला होता. तेव्हां सागरउद्यान प्राधिकरणानें हौशी पाणबुड्यांनाच या कामीं सहभागी करून घेतलें. त्यांनीं पोवळ्यावर पाय ठेवूं नये, कशालाहि हात लावूं नये. केवळ ठिकाण, तारामाशांची संख्या आणि खाल्लेल्या पोवळ्यांचे पांढरे व्रण टिपून कळवावे. तारामासा मारण्याचा मोह मात्र आवरावा. त्याचे कांटे विषारी असतात, आणि तोडलेला प्राणी पुन्हा वाढूं शकतो. टोंचून मारण्याचें काम शिकलेल्या व परवानाधारक पथकांचें आहे.

ज्या दिवशीं एकहि तारामासा दिसत नाहीं, त्या दिवसाचें शून्यहि वहींत उतरावें लागतें. १९६२ च्या वादांत अशाच एका वहीची उणीव होती.