एकाचं इंजिन, दुसऱ्याचं अंग

हिमनदीवर ज्यांनी सेवा केली आहे, त्यांना स्नो स्कूटरची ओळख करून द्यायला नको. ज्यांनी ती फक्त फोटोत पाहिली आहे त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. पुढे दोन स्की, मागे रुंद रबरी पट्टा, मध्ये इंजिन. गिअर बदलण्याची भानगड नाही. इंजिनाच्या दांड्याच्या टोकाला ड्राइव्ह क्लच बसवलेला असतो. दोन तिरप्या थाळ्या, त्यांच्यामधून जाणारा बेल्ट, आत छोटी वजनं आणि एक स्प्रिंग. इंजिनाचा वेग वाढला की वजनं बाहेरच्या बाजूला फेकली जातात, थाळ्या जवळ सरकतात, बेल्ट पकडला जातो आणि गाडी हलते. आपल्या गल्लीतल्या अॅक्टिव्हाच्या आतही बेल्ट आणि थाळ्यांचाच खेळ असतो.

अमेरिका-कॅनडाकडचे हौशी लोक एका कंपनीच्या स्नो स्कूटरवर दुसऱ्या कंपनीचा क्लच चढवतात. पोलारिसचा क्लच त्यासाठी विशेष प्रसिद्ध आहे. ऐकायला सोपं वाटतं, पण करायला घेतलं की प्रश्न सुरू होतात. दांड्याचा निमुळतेपणा क्लचच्या भोकाशी जुळतो का? बेल्टची रुंदी तीच आहे का? पुढचा आणि मागचा क्लच एका रेषेत येतात का, त्यांच्यातलं अंतर बरोबर आहे का? एवढं जुळलं तरी वजनं आणि स्प्रिंग त्या इंजिनाच्या स्वभावाप्रमाणे निवडावी लागतात. इंजिन जोमात येण्याआधीच क्लचने बेल्ट पकडला तर गाडी दम टाकते. उशिरा पकडला तर बेल्ट जळतो. त्यात उंचीचा हिशेब वेगळा. १८,००० फुटांवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा असतो, त्यामुळे साध्या इंजिनाची ताकदही जवळजवळ निम्मी होते. मग क्लचची वजनं हलकी करावी लागतात, नाहीतर इंजिनाला आपला वेग गाठताच येत नाही.

बंगळुरूच्या पोस्टिंगवरून लिहिताना बर्फातल्या गाडीचा क्लच कशाला, असं कुणी विचारेल. कारण असं की, आपल्याला हिमनदीवर नेणाऱ्या, तिथे जगवणाऱ्या आणि गरज पडली तर परत आणणाऱ्या हेलिकॉप्टरच्या बाबतीत हाच प्रश्न याच शहरात सोडवला गेला. आणि त्या गोष्टीच्या मध्यभागीही एक क्लचच आहे.

शहराच्या पूर्वेला ओल्ड एअरपोर्ट रोडवर हिंदुस्थान एरोनॉटिक्स म्हणजे एचएएल आहे. २३ डिसेंबर १९४० रोजी सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी म्हैसूर संस्थानाच्या साथीने विमानांचा हा कारखाना उभा केला. आपल्या माणसाने इतक्या दूर येऊन हे केलं, याचा मराठी माणसाला अभिमान वाटायला हवा. कारखान्याच्या बाजूने जाणाऱ्या एका रस्त्याचं नाव आहे सुरंजन दास रोड. संध्याकाळच्या ट्रॅफिकमध्ये त्या रस्त्यावर अडकलेल्या किती जणांना हे दास कोण होते ते ठाऊक असेल, याची मला शंका आहे.

ग्रुप कॅप्टन सुरंजन दास हे चाचणी वैमानिक. भारतात विकसित केलेलं पहिलं लढाऊ जेट मारुत, म्हणजे एचएफ-२४, १७ जून १९६१ रोजी पहिल्यांदा उडालं. जर्मन अभियंता कुर्ट टांक यांनी आखलेलं त्याचं अंग ध्वनीच्या वेगापलीकडे जाण्याच्या योग्यतेचं होतं. त्या तोडीचं इंजिन मात्र मिळालं नाही. ब्रिटिश ऑर्फियस इंजिनावर भागवावं लागलं. इजिप्तमध्ये घडत असलेलं ई-३०० इंजिन एका मारुतवर बसवून उडवून पाहिलं, पण तेही पुढे गेलं नाही. ऑर्फियसलाच रीहीटची जोड देऊन ताकद वाढवायचा प्रयत्न झाला. तशा मारुतची चाचणी घेताना १० जानेवारी १९७० रोजी दास यांना वीरमरण आलं. मारुतने १९७१ च्या युद्धात उत्तम काम केलं, पण ज्या ताकदीसाठी ते आखलं होतं ती त्याला कधीच मिळाली नाही.

मारुतची ही कथा चालू असताना तिकडे फ्रान्समध्ये दुसरी जोडणी चालली होती, आणि तीही आपल्यासाठी. १९६२ च्या युद्धानंतर हिमालयात उंचावर काम करणारं हलकं हेलिकॉप्टर ही आपली निकड होती. अलुएट-३, म्हणजे आपलं चेतक, बंगळुरूत बनू लागलं होतं. पण फार उंचावर त्याचं वजन आड येत होतं. भारतीय सैन्यदलांची गरज समोर ठेवून १९६८ च्या अखेरीस फ्रेंच अभियंत्यांनी एक तोड काढली. १९५५ साली उडालेल्या अलुएट-२ चं हलकं, उघड्या सांगाड्याचं अंग घेतलं, ते मजबूत केलं आणि त्यावर मोठ्या अलुएट-३ चं इंजिन, गिअरबॉक्स आणि रोटर चढवले. धाकट्याच्या अंगात थोरल्याचं काळीज. हे हेलिकॉप्टर १७ मार्च १९६९ रोजी उडालं आणि त्याचं नाव ठेवलं लामा. त्याच वर्षी हिमालयातल्या चाचण्यांत दोघा जणांना घेऊन ते ७,५०० मीटरवर उतरलं आणि तिथून उडालंही. १९७० मध्ये एचएएलशी करार झाला आणि लामा बंगळुरूत येऊन चीता झालं. १९७६-७७ पासून कच्च्या मालापासून सगळं इथेच बनू लागलं.

चीतामधलं आर्टूस्ट हे इंजिन तुर्बोमेका कंपनीचं. ते ८७० अश्वशक्तीचं, पण मुद्दाम ५५० वर बांधून ठेवलेलं. याचा फायदा उंचावर कळतो. हवा विरळ होत जाते तशी इंजिनाची ताकद घटते, पण हाताशी शिल्लक असल्याने बऱ्याच उंचीपर्यंत ५५० मिळत राहते.

१३ एप्रिल १९८४ रोजी बैसाखीच्या दिवशी हीच शिल्लक कामी आली. ४ कुमाऊंचे कॅप्टन संजय कुलकर्णी, पुढे लेफ्टनंट जनरल झाले ते, आपल्या सुमारे तीस जवानांसह बिलाफोंड ला या खिंडीवर चीतातून उतरले आणि ऑपरेशन मेघदूत सुरू झालं. तेव्हापासून आजवर सियाचीनवरच्या प्रत्येक जवानाचा या हेलिकॉप्टरशी संबंध आला आहे. मीही त्यांतलाच. हवा उघडली की चौकीवरचे सगळे कान दरीकडे लावून बसायचे. उतरल्यावर इंजिन बंद करत नाहीत, कारण तिथे ते पुन्हा सुरू होईल याची खात्री नसते. फिरत्या पात्यांखाली वाकून रॉकेलचे जेरीकॅन, भाजी, टपाल उतरवायचं, आजारी माणूस आत सरकवायचा, की ते निघालं. अगदी उंच चौक्यांवर एका खेपेचं सामान किलोंमध्येच मोजलं जातं. तिथे पाच किलो कमी-जास्त झाल्याने फरक पडतो.

आता क्लचकडे येऊ. आर्टूस्ट हे एकाच दांड्याचं इंजिन आहे. हवा दाबणारा भाग आणि ताकद देणारी टर्बाइन एकाच दांड्यावर असतात आणि तो मिनिटाला ३३,५०० फेरे घेतो. रोटर मात्र मिनिटाला ३५० च्या आसपास फिरतो. वेग कमी करण्याचं काम गिअर करतात. पण सुरू करताना इंजिनाच्या गळ्यात एवढा मोठा रोटर बांधला तर ते सुरूच होणार नाही. म्हणून मध्ये स्नो स्कूटरसारखाच वेगावर चालणारा क्लच असतो. इंजिन ठराविक वेगापुढे गेलं की त्याचे भाग बाहेर फेकले जाऊन पकड घेतात आणि पाती हळूहळू फिरू लागतात.

त्याच्या जोडीला फ्रीव्हील असतं, सायकलला असतं तसं. पायडल मारणं थांबवलं तरी चाक फिरत राहतं, तसं इंजिन बंद पडलं तरी रोटर मोकळा फिरत राहतो. २१ जून १९७२ रोजी झाँ बूले या फ्रेंच वैमानिकाने लामा १२,४४२ मीटरवर नेलं. हेलिकॉप्टरसाठी तो जागतिक विक्रम होता. खाली येण्यासाठी त्याने ताकद कमी केली आणि इंजिन विझलं. तिथून जमिनीपर्यंत तो नुसत्या फिरत्या पात्यांवर तरंगत उतरला. फ्रीव्हीलने काम केलं नसतं तर विक्रम सांगायला तो उरला नसता.

आर्टूस्ट गुणी होतं, पण त्याचं वय होत गेलं. एका दांड्याचं असल्याने काम कमी असो वा जास्त, ते पूर्ण वेगाने फिरत राहतं आणि इंधन पितं. दरम्यान बंगळुरूत ध्रुव हेलिकॉप्टर २० ऑगस्ट १९९२ ला उडालं होतं आणि त्याच्यासाठी तुर्बोमेकाचंच टीएम ३३३ हे नवं इंजिन आलं होतं. एचएएलने ठरवलं की या इंजिनाचा एक प्रकार, २एम२, जुन्या चीताला बसवायचा. त्यातून तयार झालं चीतल.

इथे नुसतं इंजिन बदललं नाही, ताकद पोचवायची रीतच बदलली. टीएम ३३३ मध्ये ताकद देणारी टर्बाइन वेगळ्या दांड्यावर असते. पुढच्या भागाशी ती लोखंडाने जोडलेली नसते. मधला तापलेला वायू तिला ढकलतो. रोटर जड असला तरी पुढचा भाग मोकळेपणाने सुरू होतो. म्हणजे क्लचचं काम वायूच करतो, आणि अशा इंजिनाला सुरू होण्यासाठी वेगळा क्लच लागत नाही. फ्रीव्हील मात्र सोडता येत नाही. बूलेची गोष्ट कोणत्याही इंजिनाच्या बाबतीत घडू शकते.

बदल्यात काही द्यावंही लागतं. एका दांड्याचं इंजिन सतत पूर्ण वेगात असल्याने वैमानिकाने ताकद मागितली की लगेच मिळते. वेगळ्या दांड्याच्या इंजिनाला आधी वेग वाढवावा लागतो, त्यात क्षणभर जातो. खिंडीत वारा फिरला तर तो क्षण मोठा असतो. म्हणून चीतलला फॅडेक, म्हणजे इंधन मोजून देणारं संगणकी नियंत्रण आहे. शिवाय नव्या इंजिनाची ताकद कितीही असो, गिअरबॉक्स झेपेल तेवढीच वापरता येते. इंजिनाचं वजन आणि बसण्याची जागा बदलली की तोलही नव्याने साधावा लागतो. बंगळुरू साधारण ३,००० फुटांवर आहे. इथे सगळं जुळलं तरी खरी परीक्षा लडाखमध्येच व्हायची.

आपल्याकडे असल्या कामाला पटकन जुगाड म्हणतात. मला तो शब्द इथे मान्य नाही. जुगाडात भाग बसला की काम संपतं. इथे भाग बसल्यावर काम सुरू होतं. कुठल्या वेगाला पकड यावी, किती ताकद जाऊ द्यावी, बंद पडलं तर काय सुटून मोकळं व्हावं, हे सगळं ठरवून, उडवून, तपासून मग जवानाला आत बसवायचं.

आणि तरीही, जोडणीने सगळं भागतं असंही नाही. चीतलचं इंजिन नवं आहे, पण अंगाची आखणी १९५५ च्या घराण्यातली. मनोहर पर्रीकर संरक्षणमंत्री असताना सैन्यातल्या अधिकाऱ्यांच्या पत्नींनी एकत्र येऊन चीता-चेतक आता थांबवा, अशी मागणी केली होती. ज्यांचा माणूस रोज त्यात बसतो त्यांना ही मागणी करण्याचा पूर्ण अधिकार आहे. त्यावरचं उत्तरही बंगळुरूतूनच येत आहे. नवं अंग, नवं इंजिन आणि दोन्ही एकमेकांसाठी आखलेली, असं हलकं हेलिकॉप्टर ६ सप्टेंबर २०१६ ला इथे उडालं. २०२० मध्ये त्याने सियाचीनवर ५,५०० मीटरच्या हेलिपॅडवर उतरून दाखवलं. त्यासाठी तुमकुरूचा कारखाना फेब्रुवारी २०२३ मध्ये सुरू झाला.

ते पुरेशा संख्येने वर पोचेपर्यंत चौकीवरचे कान दरीकडे लागलेलेच राहणार, आणि येणारा आवाज चीताचा किंवा चीतलचा असणार. तुमच्यापैकी जे कधी त्या आवाजाची वाट पाहत बसले असतील, त्यांनी बंगळुरूला आल्यावर ओल्ड एअरपोर्ट रोडवरचं एचएएलचं संग्रहालय जरूर पाहावं. आणि सुरंजन दास रोडवर गाडी अडकली, तर हॉर्न वाजवण्याआधी त्या माणसाची आठवण काढावी.