मधुनिषूदनी
वर्धा-नागपूर रस्त्यावरचं आमचं केळझर म्हणजे महाभारतातली एकचक्रा. भीमाने बकासुर मारला तो इथेच. बंगालातलं बीरभूमही हाच मान सांगतं. मला तो पटत नाही.

असुरवधाच्या अशा गावचा मी. म्हणून इन्शुलिनला जुन्या मराठी वैद्यकीय लेखनात ‘मधुनिषूदनी’ असा शब्द भेटला आणि मी थबकलो. निषूदन म्हणजे संहार करणारा. गीतेच्या अठराव्या अध्यायात अर्जुन कृष्णाला ‘केशिनिषूदन’ म्हणतो, केशी दैत्याचा काळ. मधु दैत्याला मारणारा तो मधुसूदन. साखर जिरवणाऱ्या रसाला असुर मारणाऱ्याचं नाव!

जाणकार म्हणतील, हा मधु मधुमेहातला, दैत्याचा इथे काय संबंध? मग ‘मधुनाशिनी’ सोपा नव्हता का? तो गुडमार वेलीचा आहे, हे त्यावरचं उत्तर, आणि ते बिनतोड आहे. तरी ‘मधुहारिणी’ शिल्लक होताच. निषूदन हा शब्द ना बाजारात ऐकू येतो ना दवाखान्यात. तो पोथीतूनच येतो. घडवणाऱ्याच्या कानात गीता घुमत होती, यावर मी ठाम आहे. कारण मूळ नावात संहार नाहीच. लॅटिन ‘इन्सुला’ म्हणजे बेट. लांगरहान्सला 1869 मध्ये स्वादुपिंडात दिसलेली पेशींची बेटं. 1921 मध्ये बँटिंग आणि बेस्ट यांनी त्यांतला रस हाती आणला.

या बेटांत क्वचित, वर्षाला दहा लाखांत एक ते चार जणांना, इन्शुलिनोमाची गाठ होते. साखर घसरली तरी ती इन्शुलिन सोडतच राहते. घाम, थरथर, भ्रम, कधी फिट. खाल्लं की बरं वाटतं, म्हणून माणूस खात राहतो, वजन वाढतं. अशाला कुणी बकासुर म्हटलं की माझ्या जिवाला लागतं. त्याच्या अंगात तर मारणाराच थांबत नसतो.

1929 मध्ये टोरांटोत रॉस्को ग्रॅहॅम यांनी अशी गाठ काढून रुग्ण बरा केला. दहांपैकी नऊ गाठी साध्या असतात, बहुधा दोन सेंटिमीटरहून लहान. काढल्या की आजार संपतो. तोवर डायझॉक्साइड साखर सावरतं. पसरलेली गाठ अवघड. तिच्यासाठी तुर्भ्याच्या ‘ध्रुव’ अणुभट्टीत तयार होणारं ल्युटेशियम-177 परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये देतात. त्याने काहींची गाठ वर्षानुवर्षं आवरली जाते.

साधी गाठ निघाली, की बहुतेकदा शस्त्रक्रियेच्या टेबलावरच साखर चढू लागते.