धन्याचा कागद

परमुलखात राहण्याचा हक्क धन्याच्या कागदावर अवलंबून असावा, ही गोष्ट नवी नव्हे. नागपूरनजीकच्या हुडकेश्वरातील एखादा तरुण आज परदेशी नोकरीस गेला, तर तेथील कायम वास्तव्याच्या अर्जास बहुधा मालकाच्या नोकरीपत्राचा आधार लागतो. हाच जाच पूर्वी कोकणच्या मजुरांनी मॉरिशस बेटात सोसला.

इ. स. १८३४ पासून तेथील उसाच्या मळ्यांवर हिंदी मजूर करारबद्ध होऊन गेले. रत्नागिरीकडील मराठी माणसे मुंबई बंदरातून निघत. पाच वर्षांची मजुरी संपली की मजूर मोकळा, असे कायदा म्हणे; परंतु १८६७ च्या नियमांनी त्यास छायाचित्रासह परवाना जवळ बाळगावा लागे. धनी वा धंदा दाखविता न आला, तर भटक्या ठरून तुरुंग नशिबी येई. साहजिकच पुष्कळजण पुन्हा मळेवाल्याच्याच करारात अडकत.

१८७१ साली आदोल्फ द प्लेव्हित्झ या गोऱ्या गृहस्थाच्या साह्याने ९,४०१ मजुरांनी गव्हर्नराकडे अर्ज केला. चौकशी होऊन १८७८ साली कायदा सुधारला. पुढे मळेवाल्यांनी विकावयास काढलेले जमिनीचे तुकडे मजुरांनी घेतले. धन्याच्या कागदाने केवळ मुक्काम मिळाला होता. घर त्यांनी स्वकष्टाने मिळविले.