राजनयिक गुप्त कागदपत्रांचे प्रकटीकरण

परराष्ट्रखाते, त्याच्या वकिलाती आणि परकीय शासने यांच्यामधील जो पत्रव्यवहार शासनाने गोपनीय ठरविलेला असतो, तो त्या शासनाच्या अनुमतीवाचून प्रसिद्ध करण्याची कृती. ठराविक मुदतीनंतर अभिलेखागारातील कागद अभ्यासकांस खुले करणे किंवा शासनाने आपण होऊन निवडक पत्रे छापणे यांचा तीत समावेश होत नाही. १९१४ साली महायुद्ध पेटताच जर्मनीने श्वेत, ब्रिटनने निळे, रशियाने नारिंगी आणि फ्रान्सने पिवळे पुस्तक काढून आपापला गुप्त पत्रव्यवहार जगापुढे मांडला होता. त्यांतील निवड आणि काटछाट अर्थातच ज्याची त्याला सोयीची होती. गुप्त कागद उघड करण्याची प्रथा शासनांना अशी मुळीच अपरिचित नाही. वाद माजतो तो ते दुसऱ्या कोणी उघड केले म्हणजे.

हिंदुस्थानात या वादाचा आरंभ बराच लवकर झाला. काश्मीरचे महाराज प्रतापसिंग यांचे अधिकार १८८९ मध्ये ब्रिटिश सरकारने काढून घेतले व त्यासाठी राज्यकारभारातील अव्यवस्थेचे कारण पुढे केले. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात कलकत्त्याच्या अमृत बझार पत्रिका या वृत्तपत्राने परराष्ट्रसचिव मॉर्टिमर ड्युरंड यांचे गिलगिटविषयीचे एक गुप्त टिपण म्हणून मजकूर छापला आणि सरकारचा खरा डोळा गिलगिटच्या सरहद्दीवर आहे, असे प्रतिपादन केले. त्याच महिन्यात व्हाइसरॉय लॉर्ड लॅन्सडाउन यांच्या कौन्सिलने शासकीय गुपितांचा कायदा संमत केला. इंग्लंडात तसा कायदा काही आठवड्यांपूर्वीच झालेला असल्याने केवळ या एका लेखामुळे तो जन्मास आला असे म्हणणे धाडसाचे होईल. तथापि त्याची निकड सरकारला पटवून देण्यास पत्रिकेने मोठाच हातभार लावला. त्या कायद्याचा वारस असलेला १९२३ चा कायदा स्वातंत्र्यानंतरही भारतात अमलात राहिला आहे.

आधुनिक काळातील सर्वांत परिणामकारक प्रकटीकरण एका शासनानेच केले, मात्र ते आपल्या पूर्वसूरींच्या कागदपत्रांचे. नोव्हेंबर १९१७ मध्ये रशियात सत्तेवर आलेल्या बोल्शेव्हिकांचे परराष्ट्रमंत्री लिओन ट्रॉट्स्की यांनी झारशाहीच्या दप्तरातील गुप्त करार वृत्तपत्रांतून छापण्यास प्रारंभ केला. इटलीला युद्धात ओढण्यासाठी दोस्तांनी १९१५ मध्ये लंडन येथे दिलेली प्रादेशिक आश्वासने, कॉन्स्टँटिनोपल रशियाला देण्याचा बेत आणि तुर्की साम्राज्यातील अरब प्रदेश ब्रिटन व फ्रान्स यांनी परस्परांत वाटून घेण्याचा १९१६ चा साइक्स–पीको करार हे सर्व त्यात होते. मँचेस्टर गार्डियनने त्यांची इंग्रजी भाषांतरे छापली. अरबांना स्वातंत्र्याची आशा दाखवून तुर्कांविरुद्ध उठविणाऱ्या ब्रिटनची स्थिती अवघड झाली, आणि तुर्की सेनापती जमाल पाशा याने बैरूतच्या भाषणात त्याचा पुरेपूर लाभ उठविला. लहान राष्ट्रांच्या रक्षणासाठी लढत आहोत ही दोस्तांची घोषणा त्यांच्याच कागदांनी खोटी पाडली. या प्रकटीकरणाने करार रद्द झाले नाहीत, हेही येथे नमूद केले पाहिजे. अरब प्रदेशांची वाटणी पुढे पुष्कळशी त्याच धर्तीवर झाली.

अमेरिकेचे अध्यक्ष वुड्रो विल्सन यांनी ८ जानेवारी १९१८ रोजी मांडलेल्या चौदा कलमांपैकी पहिले कलम उघड करार व उघड राजनय यांविषयी होते, ते बव्हंशी या घटनेचे उत्तर होते. मात्र दोनच महिन्यांनी त्यांना खुलासा करावा लागला, की नाजूक विषयांवरील खाजगी बोलणी बंद व्हावीत असा आपला हेतू नसून कोणताही अंतिम करार गुप्त राहू नये एवढाच आहे. पॅरिसच्या शांतता परिषदेत चार राष्ट्रप्रमुखांनी बंद दाराआड जगाची फेरमांडणी केली, त्या चौघांत विल्सन होतेच. राष्ट्रसंघाच्या घटनेतील अठरावे कलम आणि संयुक्त राष्ट्रांच्या सनदेतील १०२ वे कलम यांनी करारांची नोंदणी व प्रसिद्धी आवश्यक ठरविली. ब्रिटिश मुत्सद्दी व लेखक हॅरल्ड निकल्सन यांनी या अनुभवातून एक भेद सुचविला : परराष्ट्रीय धोरण लोकांपुढे उघड असावे, वाटाघाटी मात्र गोपनीय असाव्यात. हा भेद सोयीचा आहे आणि नंतरच्या बहुतेक वादांत त्याचाच आधार घेतला गेला. परंतु वाटाघाटींच्या कागदांत जेव्हा उघड धोरणाच्या नेमके विरुद्ध असे धोरण आढळते, तेव्हा त्याचा उपयोग संपतो.

१९७१ साली या भेदाची कसोटी लागली. संरक्षणमंत्री रॉबर्ट मॅक्नमारा यांनी १९६७ मध्ये करवून घेतलेला, ४७ खंडांचा व सुमारे ७,००० पृष्ठांचा व्हिएटनामविषयक गुप्त इतिहास डॅन्यल एल्सबर्ग यांनी वृत्तपत्रांच्या हवाली केला. न्यूयॉर्क टाइम्सने १३ जून रोजी तो छापण्यास सुरुवात केली. छपाई थांबविण्याची शासनाची मागणी सर्वोच्च न्यायालयाने ३० जून रोजी ६ विरुद्ध ३ मतांनी फेटाळली. याची चर्चा पुष्कळ झाली आहे. त्या मानाने एक गोष्ट दुर्लक्षित राहिली. वाटाघाटींसंबंधीचे चार खंड एल्सबर्ग यांनी वृत्तपत्रांना दिलेच नव्हते. ते बाहेर आले तर शांततेच्या प्रयत्नांत विघ्न येईल आणि तो दोष आपल्या माथी येईल, अशी त्यांना धास्ती होती. म्हणजे शासनाचे गुपित फोडणाऱ्यानेच निकल्सनचा भेद पाळला होता. त्यांच्यावरील खटला शासनाच्या गैरवर्तनामुळे मे १९७३ मध्ये काढून टाकण्यात आला.

त्याच वर्षाअखेरचे दुसरे प्रकरण भारताशी निगडित होते. बांगला देशाच्या युद्धात आपण तटस्थ आहोत असे वॉशिंग्टन जाहीरपणे सांगत असताना, स्तंभलेखक जॅक अँडरसन यांनी हेन्री किसिंजर यांच्या अध्यक्षतेखालील गुप्त बैठकांची इतिवृत्ते मिळविली. अध्यक्ष निक्सन यांचा कल पाकिस्तानच्या बाजूने असून आपण भारताशी पुरेसे कठोर वागत नाही अशी त्यांची तक्रार असल्याचे ३ डिसेंबर १९७१ च्या इतिवृत्तात स्पष्ट नमूद होते. भारतात ज्याचा सर्वांना संशय होता त्यास लेखी पुरावा मिळाला. अँडरसन यांना १९७२ चे पुलित्झर पारितोषिक लाभले. फितुराचा शोध घेताना भलतेच निष्पन्न झाले : ज्या नौदल कारकुनाचा संशय आला, तो अध्यक्षांच्या कार्यालयातील कागदांच्या नकला गुपचूप सेनाप्रमुखांकडे पोहोचवीत होता. अँडरसनना काही दिल्याचे मात्र त्याने नाकारले. या संकटकाळाची अधिकृत कागदपत्रे परराष्ट्रखात्याने स्वतःच्या ग्रंथमालेत २००५ मध्ये प्रसिद्ध केली. अँडरसन यांनी तेहतीस वर्षे आधी छापलेले ‘कल’ हे चित्र त्यांनी खोडून काढले नाही.

यानंतरचे व आकाराने सर्वांत प्रचंड प्रकटीकरण २०१० मधील होय. ११ सप्टेंबर २००१ च्या हल्ल्यानंतर माहिती एका खात्याकडून दुसऱ्या खात्याकडे पोहोचत नाही, अशी टीका झाली. तेव्हा वकिलातींच्या तारा संरक्षणखात्याच्या बंदिस्त संगणक-जालावर ठेवण्यात येऊ लागल्या आणि लक्षावधी लोकांना त्या वाचणे शक्य झाले. (तारायंत्र केव्हाच इतिहासजमा झाले असले, तरी राजदूताच्या अहवालास ‘तार’ म्हणण्याची रूढी टिकून आहे.) इराकमध्ये नेमणुकीवर असलेल्या चेल्सी (त्या वेळी ब्रॅडली) मॅनिंग या बाविशीतील सैनिकी विश्लेषकाने त्यांतील २,५१,२८७ तारा उतरवून घेऊन विकिलीक्स या संस्थेकडे पाठविल्या. ऑस्ट्रेलियन नागरिक ज्यूल्यन असांज यांनी ही संस्था २००६ मध्ये स्थापिली होती. १९६६ ते फेब्रुवारी २०१० या काळातील या तारा २७४ वकिलाती व तत्सम कार्यालयांच्या होत्या. त्यांपैकी निम्म्याहून अधिक मुळी गोपनीय वर्गातल्याच नव्हत्या आणि ‘परमगुप्त’ वर्गातली एकही नव्हती. गार्डियन, डेर श्पीगल, ल माँद, एल पाइस व न्यूयॉर्क टाइम्स यांनी २८ नोव्हेंबर २०१० पासून त्यांतील निवडक तारा, धोका संभवेल अशी नावे गाळून, प्रसिद्ध केल्या.

प्रतिक्रिया तीव्र होत्या. परराष्ट्रमंत्री हिलरी क्लिंटन यांनी हा केवळ अमेरिकेवर नव्हे, तर आंतरराष्ट्रीय समुदायावरील हल्ला असल्याचे म्हटले. संरक्षणमंत्री रॉबर्ट गेट्स यांचा सूर निराळा होता : इतर शासने अमेरिकेशी व्यवहार करतात ते स्वतःच्या हितासाठी, अमेरिका गुपिते राखते म्हणून नव्हे, तेव्हा परिणाम माफकच होतील. दोघेही अंशतः खरे ठरले. मेक्सिकोतील राजदूतास राजीनामा द्यावा लागला, एक्वादोरने तेथील राजदूतास हाकलून दिले, लिबियातील राजदूतास परत बोलवावे लागले. परंतु कोणतीही मैत्री वा युती मोडली नाही. ट्युनिशियाचे अध्यक्ष बेन अली यांच्या कुटुंबाच्या लूटमारीचे राजदूताने केलेले वर्णन तेथील लोकांनी वाचले आणि १४ जानेवारी २०११ रोजी बेन अली देश सोडून पळाले. या दोन गोष्टींची सांगड घालण्याचा मोह पुष्कळांना झाला. ट्युनिशियातील जनतेला लुटारू कोण हे कळण्यासाठी परकीय राजदूताची साक्ष नको होती. लोक ज्याविषयी कुजबुजत ते परकी सत्तेलाही ठाऊक आहे, एवढे मात्र तीमुळे कळले.

प्रकटीकरणाच्या बाजूने बोलणाऱ्यांची खरी अडचण सप्टेंबर २०११ मध्ये झाली. संपूर्ण संग्रहाची किल्ली ठरणारा संकेतशब्द गार्डियनच्या दोन पत्रकारांच्या पुस्तकात छापला गेला होता. तो संग्रह हाती लागू शकतो हे बोभाटले, तेव्हा विकिलीक्सने सर्व तारा नावांसकट खुल्या केल्या. पाचही वृत्तपत्रांनी त्याचा निषेध केला. दोष कोणाचा, यावर दोन्ही पक्षांचे एकमत कधीच झाले नाही. हुकूमशाही देशांत अमेरिकन वकिलातीशी विश्वासाने बोललेली माणसे उघडी पडली, आणि इथिओपियातील एका पत्रकारास तारेत नाव आल्यामुळे देशत्याग करावा लागला. ज्यांना लोकहितासाठी सत्य हवे होते, त्यांनी ह्या माणसांची अनुमती घेतलेली नव्हती. हा आक्षेप वाटतो त्याहून गंभीर आहे, आणि शासनाने तो स्वतःच्या बचावासाठी वापरला म्हणून त्याचे वजन घटत नाही.

दुसऱ्या पारड्यात चागोस द्वीपसमूहाचे उदाहरण ठेवता येईल. दिएगो गार्सिया येथील अमेरिकन तळासाठी ब्रिटनने १९६८ ते १९७३ या काळात तेथील सर्व रहिवाशांना बेटांवरून हलविले होते. १ एप्रिल २०१० रोजी ब्रिटनने या सागरी प्रदेशास संरक्षित क्षेत्र घोषित केले, ते पर्यावरणाच्या नावाखाली. लंडनमधील अमेरिकन वकिलातीच्या मे २००९ च्या तारेत मात्र एका ब्रिटिश अधिकाऱ्याने असे राखीव क्षेत्र झाल्यास पूर्वीच्या रहिवाशांचे परत येण्याचे दावे वस्तुतः संपुष्टात येतील, असे सांगितल्याची नोंद होती. चागोसवासीयांनी ती तार न्यायालयात पुढे केली. राजनयिक मिशनचे दप्तर १९६१ च्या व्हिएन्ना करारानुसार अनुल्लंघनीय असते, तेव्हा चोरलेली तार पुरावा कशी होईल, हा प्रश्न ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. ८ फेब्रुवारी २०१८ च्या निर्णयात बहुमताने ती ग्राह्य धरावयास हवी होती असे ठरले. परंतु त्यामुळे निकालात फरक पडला नसता असेही ठरून अपील फेटाळण्यात आले. बेटवासीयांना पुरावा मिळाला, बेटे मिळाली नाहीत.

भारतविषयक सुमारे ५,१०० तारा मिळवून द हिंदू या दैनिकाने त्या मार्च २०११ पासून प्रसिद्ध केल्या. अणुकराराच्या प्रश्नावर २२ जुलै २००८ रोजी लोकसभेत विश्वासदर्शक ठराव २७५ विरुद्ध २५६ मतांनी संमत झाला होता व त्या दिवशी सभागृहात नोटांची पुडकी झळकली होती. खासदारांस देण्यासाठी आणलेली रोकड काँग्रेसच्या एका नेत्याच्या साहाय्यकाने वकिलातीच्या अधिकाऱ्यास दाखविली, अशी हकीकत त्या सुमाराच्या एका तारेत होती. अर्थमंत्री प्रणव मुखर्जी यांनी तो एका सार्वभौम शासनाचा आपल्या वकिलातीशी झालेला व राजनयिक संरक्षण असलेला पत्रव्यवहार असल्याने त्याची सत्यासत्यता सांगता येत नाही, अशी भूमिका घेतली. पंतप्रधान मनमोहन सिंग यांनी १८ मार्च रोजी संसदेत आरोपांचा इन्कार केला. तार ही फक्त ऐकीव माहितीची नोंद असते, हे त्या वेळी वारंवार सांगितले गेले आणि ते बरोबरच होते. राजदूत काय लिहितो ते त्याला काय सांगण्यात आले याचा पुरावा असते. सांगितलेले खरे असल्याचा नव्हे. इतिहासकाराला ही सवय असते, वृत्तपत्राच्या वाचकाला ती नसते.

भारतीय कायद्याने या काळात काहीसे पाऊल पुढे टाकले. २००५ च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याच्या आठव्या कलमाने परराष्ट्रसंबंधांस बाधक ठरेल अशी, तसेच परकीय शासनाकडून विश्वासाने मिळालेली माहिती वगळली आहे. परंतु लोकहित वरचढ असल्यास, १९२३ च्या कायद्यास न जुमानता, ती देण्याची मुभाही त्याच कलमात आहे. राफाल विमानांच्या खरेदीसंबंधी द हिंदूने छापलेले संरक्षणखात्याचे कागद विचारात घेण्यास शासनाने हरकत घेतली, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने १० एप्रिल २०१९ रोजी ती फेटाळताना १९७१ च्या अमेरिकन निर्णयाचा हवाला दिला.

मॅनिंग यांना ऑगस्ट २०१३ मध्ये ३५ वर्षांची शिक्षा झाली. शत्रूला मदत केल्याचा सर्वांत गंभीर आरोप मात्र सिद्ध झाला नाही. अध्यक्ष ओबामा यांनी शिक्षा कमी केल्याने मे २०१७ मध्ये त्यांची सुटका झाली. असांज यांनी २०१२ पासून लंडनच्या एक्वादोर वकिलातीत आश्रय घेतला, एप्रिल २०१९ मध्ये त्यांना अटक झाली आणि जून २०२४ मध्ये पॅसिफिकमधील सायपान येथील अमेरिकन न्यायालयात हेरगिरीविरोधी कायद्याखालील एका गुन्ह्याची कबुली देऊन ते ऑस्ट्रेलियास परतले. तुरुंगात काढलेला काळ हीच त्यांची शिक्षा धरण्यात आली. प्रकरण तडजोडीत मिटल्यामुळे, गुप्त कागद केवळ मिळवून प्रसिद्ध करणारा त्या कायद्यानुसार गुन्हेगार ठरतो काय, या प्रश्नावर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचा निर्णय होऊ शकला नाही. परराष्ट्रखात्याने मात्र २०१० च्या नोव्हेंबरातच आपला तारांचा संग्रह संरक्षणखात्याच्या जालावरून तोडून घेतला होता.