कांगारू मार्गाची कुळकथा

ऑस्ट्रेलिया ते इंग्लंड या हवाई वाटेला ‘कांगारू मार्ग’ म्हणतात. सिडनी ते लंडन सरळ अंतर सुमारे 17,000 किलोमीटर. एवढा पल्ला एका दमात गाठणं विमानांच्या आवाक्यात नव्हतं, म्हणून उड्या मारत जायचं. या प्रवासाचा वेळ कसा घटत गेला हे समजायचं, तर वेगाइतकाच मुक्कामांचाही हिशेब मांडावा लागतो.

पहिला हिशेब 1919चा. इंग्लंडहून 30 दिवसांच्या आत विमानाने मायदेशी पोहोचणाऱ्या ऑस्ट्रेलियन वैमानिकांसाठी तिथल्या सरकारने 10,000 पौंडांचं बक्षीस लावलं. रॉस आणि कीथ स्मिथ हे भाऊ दोन मेकॅनिक सोबत घेऊन व्हिकर्स व्हिमी विमानातून 12 नोव्हेंबरला लंडनजवळच्या हाउन्स्लोहून निघाले. दिल्ली, अलाहाबाद, कलकत्ता करत 10 डिसेंबरला डार्विनला उतरले. वाटेत जावा बेटावर सुराबायाला चाकं चिखलात रुतली. गावकऱ्यांकडून बांबूच्या चटया गोळा करून जमिनीवर अंथरल्या, तेव्हा कुठे विमान उडालं. या 28 दिवसांत ते हवेत होतं जेमतेम 136 तास; एकूण वेळेचा पाचवा हिस्सा.

1935मध्ये ब्रिस्बेन-लंडन प्रवासी सेवा सुरू झाली. साडेबारा दिवस लागत. रात्रीचा मुक्काम हॉटेलात, आणि इटलीतल्या ब्रिंडिसीपासून पॅरिसपर्यंत चक्क आगगाडी! 1938पासून सिडनीच्या रोझ बे खाडीतून पाण्यावर उतरणारी विमानं निघू लागली. त्यांचा एक थांबा शिंद्यांच्या ग्वाल्हेरलाही असे.

दुसऱ्या महायुद्धात जपानने सिंगापूर घेतलं आणि वाट तुटली. मग 1943मध्ये क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमान कंपनीने पर्थहून थेट सिलोन गाठायचं ठरवलं. कॅटलिना विमानं हिंदी महासागरावरून, रेडिओ बंद ठेवून, ताऱ्यांच्या आधाराने 27 ते 33 तास सलग उडत. एका उड्डाणात सूर्य दोनदा उगवे. इंधनाचंच वजन इतकं, की प्रवासी घेता येत फक्त 3 आणि टपाल 69 किलो.

1 डिसेंबर 1947ला कॉन्स्टेलेशन विमान 29 प्रवासी घेऊन सिडनीहून निघालं आणि सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो करत चौथ्या दिवशी लंडनला पोहोचलं. प्रत्यक्ष उड्डाण 55 तासांचं. आता निम्म्याहून जास्त वेळ हवेत जाऊ लागला होता. 1959मध्ये बोइंग 707 जेट आलं आणि वेग ताशी 900 किलोमीटरच्या आसपास गेला. तो आजही जवळपास तिथेच आहे. त्यानंतर जे तास वाचले, ते मुख्यतः थांबे गळाल्यामुळे.

1989मध्ये क्वांटासचं 747-400 लंडनहून विनाथांबा सिडनीला गेलं, 20 तास 9 मिनिटांत. इंधन खास जड प्रतीचं भरलं होतं. त्यातला थेंबही जमिनीवर जळू नये म्हणून विमान धावपट्टीच्या टोकापर्यंत ओढत नेलं. आत माणसं मोजकीच. याच वाटेवरच्या 2019च्या चाचणीत बोइंग 787ला 19 तास 19 मिनिटं लागली. ही दोन्ही उड्डाणं पूर्वेकडची होती. उंचावरचे जोरदार वारे पश्चिमेकडून वाहतात, ते पाठीशी घेतले की वेळ वाचतो. उलट दिशेला तेच वारे आडवे येतात.

2018पासून पर्थ-लंडन विनाथांबा सेवा चालू आहे: साडेचौदा हजार किलोमीटर, सतरा तासांहून अधिक. विनाथांबा सिडनी-लंडनसाठी एअरबस ए350-1000 विमानं ठरली आहेत. एरवी या विमानात साडेतीनशेच्या घरात माणसं मावतात. इथे आसनं 238च ठेवली आहेत. अंतर तोडायला इंधन लागतं, आणि त्यासाठी जागा अजूनही प्रवाशांनाच सोडावी लागते.