वार्धक्यातील स्नायुक्षय

वार्धक्यातील स्नायुक्षय अथवा सार्कोपेनिया म्हणजे वयोमानाप्रमाणे स्नायूंचे वस्तुमान, ताकद व कार्यक्षमता घटत जाणे. ग्रीक भाषेतील ‘सार्क्स’ (मांस) आणि ‘पेनिया’ (उणीव) या शब्दांपासून हे नाव अमेरिकी वैद्यकतज्ज्ञ अर्विन रोझेनबर्ग यांनी १९८८च्या सुमारास घडवले. तिशीनंतर दर दशकात स्नायूंचे वस्तुमान साधारणतः ३ ते ८ टक्क्यांनी कमी होते; साठीनंतर हा वेग वाढतो. ताकद त्याहूनही लवकर ओसरते. पिकलेल्या केसांप्रमाणे ही घट डोळ्यांना दिसत नाही आणि चरबी वाढत असल्यास वजनकाट्यावरही उमटत नाही.

आनुवंशिकता

जुळ्या भावंडांच्या अभ्यासांनुसार, व्यक्तीव्यक्तींच्या स्नायूंच्या वस्तुमानात जो फरक असतो त्यातील ५० ते ८० टक्के वाटा आनुवंशिक आहे. हा आकडा समूहातील फरकांविषयीचा आहे. एका माणसाचे तेवढे स्नायू जन्मतःच ठरलेले असतात, असा त्याचा अर्थ नव्हे. बहुतांश प्रभाव अनेक जनुकांच्या अल्पशा वाट्यांतून पडतो. ठळक अपवाद मायोस्टॅटिनचा. हे प्रथिन स्नायूंच्या वाढीला लगाम घालते. १९९७ मध्ये अलेक्झांड्रा मॅकफेरॉन व से-जिन ली यांनी त्याचे जनुक निकामी केलेल्या उंदरांचे स्नायू दुप्पट-तिप्पट वाढल्याचे दाखवले.

पुण्यातील संशोधन

१९९३ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व सहकाऱ्यांनी पुण्याजवळच्या सहा गावांत गर्भवती व त्यांच्या अपत्यांचा अभ्यास सुरू केला. तेथील नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो, तर इंग्लंडमधील साउदम्प्टनच्या बालकांचे ३.५ किलो भरले. मात्र पुण्याकडील बालकांत ही तूट मुख्यतः स्नायू व उदरातील अवयवांची होती. त्वचेखालची चरबी त्या मानाने टिकून होती. म्हणजे अंगकाठी बारीक, पण चरबीचे प्रमाण अधिक. २००४ मध्ये ‘द लॅन्सेट’मध्ये याज्ञिक व ब्रिटिश वैद्य जॉन युडकिन यांनी स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचाही शरीर-वस्तुमान निर्देशांक २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के.

हे जनुकांमुळे की मातेच्या पोषणामुळे, हा वाद मिटलेला नाही. पुण्याच्या अभ्यासात पालेभाज्या, फळे व दूध अधिक घेणाऱ्या मातांची बालके आकाराने मोठी आढळली. उलट, सुरीनाममध्ये स्थायिक झालेल्या भारतीयांच्या चौथ्या-पाचव्या पिढीतील नवजात बालकांतही हीच ठेवण दिसते. वार्धक्याच्या दृष्टीने महत्त्वाची बाब एवढीच, की ज्याची स्नायूंची पुंजी मुळात तोकडी, तो त्याच वेगाने गमावूनही परावलंबी होण्याच्या सीमेवर आधी पोहोचतो.

निदान व उपाय

आशियाई तज्ज्ञगटाच्या २०१९च्या निकषांनुसार हाताची पकड पुरुषांत २८ किलोहून व स्त्रियांत १८ किलोहून कमी असणे, अथवा खुर्चीतून पाच वेळा उठून बसण्यास १२ सेकंद वा अधिक लागणे, ही संशयाची लक्षणे होत.

भार उचलण्याचा व्यायाम हा प्रमुख उपाय आहे. १९९० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात, सरासरी वय ९० असलेल्या वृद्धाश्रमवासीयांच्या मांडीच्या स्नायूंची ताकद आठ आठवड्यांच्या अशा व्यायामाने सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. केवळ चालण्याने इतका लाभ होत नाही. जोडीला डाळी, दूध, अंडी इत्यादींतून पुरेशी प्रथिने मिळावी लागतात.