पंजाब मेलची इंजिने आणि कालखंडांच्या सीमारेषा

वाङ्मयेतिहास शिकवताना आपण कालखंडांच्या सीमारेषा फार निर्धास्तपणे आखतो. १८१८, १८७४, १९२०, १९६० ही साले फळ्यावर लिहिली, की विद्यार्थ्याला वाटू लागते, एका रात्रीत जुने संपले आणि दुसऱ्या सकाळी नवे उगवले. रेल्वेच्या इतिहासाचेही असेच होते. आधी वाफ, मग डिझेल, मग वीज असा सरळ क्रम पाठ्यपुस्तकांनी आपल्या मनावर ठसवला आहे. कल्याण जंक्शनचा इतिहास मात्र हा क्रम मान्य करीत नाही.

कल्याणला रेल्वे आली १८५४ मध्ये, म्हणजे बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी धावल्यानंतर वर्षभराने. येथून मार्गाला दोन फाटे फुटतात. एक कर्जतवरून भोर घाट चढून पुण्याकडे जातो, दुसरा कसाऱ्यावरून थळ घाट चढून इगतपुरीकडे. भोर घाट १८६३ मध्ये खुला झाला. गोविंद नारायण माडगावकरांचे ‘मुंबईचे वर्णन’ त्याच वर्षी प्रसिद्ध झाले, हा योगायोग मराठीच्या अभ्यासकाने ध्यानात ठेवण्याजोगा आहे. थळ घाट १८६५ मध्ये खुला झाला. दोन्ही घाटांत चढ इतका तीव्र, की काही ठिकाणी सदतीस फूट पुढे गेल्यावर रूळ एक फूट वर चढतो. एका इंजिनाला हे ओझे पेलत नाही. म्हणून मागून रेटणारी इंजिने जोडावी लागली. त्यांना बँकर म्हणतात. ही व्यवस्था घाटात आजही आहे.

या घाटांनीच जी. आय. पी. रेल्वेला विजेकडे वळवले. वाफेचे इंजिन आपली शक्ती आपल्याच पोटात निर्माण करते आणि त्यासाठी कोळसा व पाणी सोबत वाहून नेते. चढावर हा भारच त्याला नडतो. विजेच्या इंजिनाला शक्ती बाहेरून मिळते. १९२९ मध्ये पुण्यापर्यंत आणि १९३० मध्ये इगतपुरीपर्यंत १५०० व्होल्टच्या तारा पोहोचल्या. त्यांना वीज पुरवण्यासाठी कल्याणजवळ ठाकुर्ली येथे कंपनीचे स्वतःचे वीजगृह उभे राहिले. १ जून १९३० रोजी सुरू झालेली डेक्कन क्वीन ही या नव्या व्यवस्थेचीच लेक. म्हणजे ब्रिटिश रेल्वेने १९५५ मध्ये आधुनिकीकरणाची योजना जाहीर करून वाफेला निरोप द्यायचे ठरवले, त्याच्या पाव शतक आधी कल्याणच्या मेलगाड्यांपुढून वाफेचे इंजिन निघून गेले होते.

पण गेले कोठपर्यंत? फक्त इगतपुरीपर्यंत. येथेच पंजाब मेलचे उदाहरण उद्बोधक ठरते. ही गाडी १९१२ मध्ये बॅलार्ड पियरवरून पेशावरसाठी सुरू झाली. मार्ग विद्युत झाल्यावर मुंबईपासून इगतपुरीपर्यंत तिला विजेचे इंजिन ओढू लागले. इगतपुरीला ते सुटे होई आणि वाफेचे इंजिन जोडले जाई. डबे तेच, उतारू तेच, तिकीटही तेच. युग मात्र बदले, आणि तेही उलट दिशेने! विसाव्या शतकाच्या मध्यातला प्रवासी रोज ‘पुढच्या’ काळातून ‘मागच्या’ काळात जात होता आणि त्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते.

१९६८ मध्ये या गाडीला झाशीपर्यंत डिझेल इंजिन मिळाले आणि डबे बारांवरून पंधरा झाले. पुढे डिझेल दिल्लीपर्यंत गेले, तेव्हा डबे अठरा झाले. १९७६ मध्ये ते फाळणीनंतर गाडीचे अंतिम स्थानक ठरलेल्या फिरोजपूरपर्यंत पोहोचले. त्याच १९६८ च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश रेल्वेने मुख्य मार्गावरची आपली शेवटची वाफेची गाडी समारंभपूर्वक चालवली. आपल्याकडे मात्र चित्तरंजनच्या कारखान्यात वाफेची इंजिने १९७२ पर्यंत बनत होती. हे निव्वळ मागासलेपण नव्हते. कोळसा देशातला होता, खनिज तेल मोठ्या प्रमाणात आयात करावे लागत होते. नवे यंत्र कोठे आणायचे, हे त्या-त्या भूमीचा हिशेब ठरवतो. यंत्राचे वय नव्हे.

पुण्याच्या दिशेने आणखी वेगळी कथा घडली. पुण्यापर्यंत वीज, पुढे वाफ आणि मग त्या वाफेच्या जागी डिझेल. पुण्यापुढे तारा जाण्यास एकविसावे शतक उजाडावे लागले. इगतपुरीपलीकडे २५,००० व्होल्टच्या तारा आल्या, तरी त्या मुंबईच्या १५०० व्होल्टच्या तारांशी जुळत नव्हत्या. म्हणजे वीज आणि वीज यांच्यामध्येही सीमारेषा उरलीच. दोन्ही दाबांवर चालणारी इंजिने आली, तेव्हा ती थोडी पुसट झाली. २००६ पासून टप्प्याटप्प्याने मुंबईकडील तारांचा दाब बदलत गेला आणि २०१५ मध्ये मुख्य मार्गाचे रूपांतर पूर्ण झाल्यावर येथली ती सीमारेषा मिटली.

आता भाषेविषयी. १९२८ पासून घाटात मालगाड्या ओढणाऱ्या लांब सोंडांच्या विद्युत इंजिनांना परदेशी अभ्यासक ‘मगर’ म्हणतात, कारण स्वित्झर्लंडमध्ये तशा बांध्याच्या इंजिनांना तेच नाव पडले होते. आपल्याकडे त्यांचे नाव ‘खेकडा’. हिंदीत या प्राण्याला ‘केकडा’ म्हणतात. ‘खेकडा’ हा उच्चार मराठी आहे. इंजिनाचे अधिकृत नाव कंपनीच्या कागदांत राहिले, हे नाव मात्र रुळांवर, यार्डात, बहुधा हाताला ग्रीस लागलेल्या माणसांच्या तोंडी जन्मले. असे शब्द आणखी किती असतील? वाफेसोबत फायरमनचे काम गेले. किती कोळसा कोठे टाकायचा, आगीचा रंग कसा वाचायचा, हे ज्ञान गेले आणि त्याला लगडलेली बोलीही गेली. तिची नोंद आमच्या विद्यापीठांतील भाषा-अभ्यासाने पुरेशी घेतली नाही. कल्याणमध्ये रेल्वेत आयुष्य घालवलेल्यांची घरे आजही आहेत, एम. ए. च्या प्रबंधिकेला याहून चांगला विषय क्वचितच मिळेल.

वाङ्मयातले युगान्तरही इगतपुरीसारखेच असते. नवकविता अवतरली तेव्हा रविकिरण मंडळाच्या वळणाची गीते थांबली नाहीत. एकाच नियतकालिकात दोन्ही शेजारी छापली जात. फळ्यावर सन लिहिण्यास हरकत नाही. मात्र त्या सनाशेजारी स्थळही लिहावे, आणि नवे कोणाच्या घरी पोहोचले व कोणाच्या नाही, हेही विचारावे.